लग्नाआधीची वाहक-तपासणी : ज्यू समाजाचा अनुभव आणि आपला प्रश्न

आपल्या मंडळाच्या वधू-वर सूचक विभागाचे काम मी निवृत्तीनंतर पाहतो. आपल्या नोंदणी-अर्जात जन्मवेळ, गोत्र, नाड, रक्तगट असे रकाने पूर्वीपासून आहेत. काही महिन्यांपूर्वी एका पालकांनी सुचवले की त्यात ‘थॅलेसेमिया व इतर आनुवंशिक तपासणी’ असा आणखी एक रकाना घालावा आणि तो स्थळांच्या यादीत छापावा. बैठकीत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे होते की हे व्हायलाच हवे. दुसऱ्या बाजूला भीती होती की मुलींची लग्ने मोडतील. निर्णय पुढे ढकलला गेला आणि ‘तुम्ही जरा माहिती काढा’ म्हणून काम माझ्याकडे आले.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि नोकरी बँकेत झाली. पण हा विषय पुष्कळसा हिशेबाचा आणि गोपनीयतेचा आहे, आणि या दोन्ही गोष्टींशी माझा आयुष्यभर संबंध आला. वाचता वाचता लक्षात आले की आपल्यापुढचा हाच प्रश्न एका समाजाने पन्नास वर्षांपूर्वी हाती घेतला होता आणि बऱ्याच अंशी सोडवला. तो म्हणजे ज्यू समाज. म्हणून आधी त्यांची हकीकत आणि मग आपली.

वाहक म्हणजे कोण?

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. बँकेत ‘दोघांपैकी कोणीही’ सही करू शकेल असे संयुक्त खाते असते. एक खातेदार गावाला गेला तरी दुसऱ्याच्या सहीवर व्यवहार चालतो. बऱ्याच जनुकांचे असेच आहे. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम भागवते. अशा माणसाला त्या आजाराचा ‘वाहक’ म्हणतात. तो स्वतः आजारी नसतो आणि बहुधा पुढे होतही नाही. आपण वाहक आहोत हे त्याला तपासणीशिवाय कळत नाही.

अडचण येते ती पती आणि पत्नी दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील तेव्हा. मग प्रत्येक गरोदरपणात चार शक्यता असतात. बाळाला दोन्ही चांगल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, एक चांगली व एक बिघडलेली मिळून बाळ वाहक होण्याची चारात दोन, आणि दोन्ही बिघडलेल्या मिळून आजार होण्याची चारात एक, म्हणजे २५ टक्के. हा हिशेब दर खेपेला नव्याने सुरू होतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन चांगलीच होतील असे नाही. पहिली दोन धडधाकट झाली म्हणून तिसऱ्याचा धोका वाढतो असेही नाही.

दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलाला तो आजार होत नाही. फार तर मूलही वाहक होते. सगळ्या चर्चेत हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक गैरसमज ते न कळल्याने होतात.

टे-सॅक्स आजार

१८८१ मध्ये लंडनचे नेत्रतज्ज्ञ वॉरन टे यांना एका तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर चेरीसारखा लाल ठिपका दिसला. १८८७ मध्ये न्यूयॉर्कचे मज्जातंतुतज्ज्ञ बर्नार्ड सॅक्स यांनी याच आजाराचे मेंदूवरील परिणाम वर्णन केले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत तो अधिक आढळतो, हेही पुढे त्यांच्या लक्षात आले. दोघांच्या नावांवरून आजाराचे नाव ‘टे-सॅक्स’ पडले.

या आजाराचे बाळ जन्मतः अगदी निरोगी दिसते. तीन ते सहा महिन्यांपर्यंत हसते, मान धरते, खेळते. मग शिकलेले एकेक विसरू लागते. दचकणे वाढते, नजर जाते, झटके येऊ लागतात, हातपाय निकामी होतात. साधारण चार-पाच वर्षांच्या आत मृत्यू येतो. या रूपातल्या आजाराला बरे करणारे औषध आजही हाती नाही.

कारण कळायला १९६९ साल उजाडले. ओकाडा आणि ओब्रायन या संशोधकांनी दाखवले की या बाळांमध्ये ‘हेक्सोसअमिनिडेज ए’ नावाचे विकर नसते. त्यामुळे एक विशिष्ट चरबीयुक्त पदार्थ मेंदूच्या पेशींत साचत जातो. वाहकांमध्ये हे विकर कमी प्रमाणात असते पण पुरेसे असते, आणि ते रक्तात मोजता येते. वाहक ओळखण्याचा मार्ग असा मोकळा झाला.

ज्यू समाजातच जास्त का?

हा ‘ज्यूंचा रोग’ नाही, हे आधी सांगायला हवे. कॅनडातील क्वेबेकच्या फ्रेंच वंशाच्या काही वस्त्यांत आणि अमेरिकेतील लुईझियानाच्या केजन समाजातही तो बराच आढळतो. या सर्वांत समान धागा एकच आहे. मूळचे कुटुंबसमूह थोडे, पुढे लोकसंख्या मोठी, आणि लग्ने आपापसांत.

मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंना अश्केनाझी म्हणतात. आजचा सुमारे एक कोटीचा हा समाज मध्ययुगातील अवघ्या काहीशे पूर्वजांपासून वाढला, असे जनुकीय अभ्यास सांगतात. त्या मूठभरांपैकी एकाकडे बिघडलेली प्रत असेल तर पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्ने होऊन ती हजारो घरांत पोहोचते. शास्त्रज्ञ याला ‘संस्थापक परिणाम’ म्हणतात.

आता आकडे पाहा. अश्केनाझी समाजात साधारण ३० जणांत एक टे-सॅक्सचा वाहक असतो. इतर लोकसंख्येत हे प्रमाण साधारण २५० ते ३०० जणांत एक आहे. ३० गुणिले ३० म्हणजे ९००, तेव्हा दर ९०० जोडप्यांत एक जोडपे असे की दोघेही वाहक. त्यांच्या मुलांत चारात एकाला आजार, म्हणजे ३,६०० जन्मांत एक. इतर लोकसंख्येत हाच हिशेब अडीच ते साडेतीन लाख जन्मांत एक असा येतो. वाहकांच्या प्रमाणात फरक नऊ-दहा पटीचा असला तरी आजारी बाळांत तो शंभर पटीच्या आसपास जातो, कारण प्रमाणाचा स्वतःशीच गुणाकार होतो.

१९७१ : सिनेगॉगमधील रक्ततपासणी

बाल्टिमोर येथील तरुण डॉक्टर मायकेल काबॅक यांनी ठरवले की आजारी बाळ जन्मायची वाट न पाहता वाहक जोडपी आधीच शोधावीत. सुया-नळ्या घेऊन ते थेट लोकांत गेले नाहीत. आधी रब्बींना भेटले, स्थानिक डॉक्टरांना समजावले, महिला मंडळांतून व्याख्याने दिली, स्वयंसेवक तयार केले. त्यानंतर मे १९७१ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे पहिले मोठे तपासणी शिबिर भरले. शेकडो तरुण जोडपी स्वतःहून आली.

तपासणी पूर्ण ऐच्छिक होती. निकाल ज्याचा त्याला कळवला जाई आणि दोघेही वाहक निघाले तर सोबत समुपदेशन असे. हा नमुना पुढे अमेरिका, कॅनडा, इस्रायल, ब्रिटन, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांत गेला. पुढील तीसेक वर्षांत जगभर १४ लाखांहून अधिक लोकांनी तपासणी करून घेतली. उत्तर अमेरिकेतील ज्यू समाजात टे-सॅक्सने आजारी बाळांचे जन्म ९० टक्क्यांहून अधिक घटले. आज तेथे या आजाराची बाळे ज्यू घरांपेक्षा इतर घरांत जास्त जन्मतात, कारण इतरांना तपासणी करावी असे सहसा सुचत नाही.

दोर येशोरीम : नावाऐवजी क्रमांक

कट्टर धार्मिक ज्यू समाजाची अडचण वेगळी होती. तेथे लग्ने मध्यस्थांमार्फत ठरतात आणि गर्भपाताला धर्माची सहसा मान्यता नसते. गरोदरपणात तपासणी करून उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न. शिवाय ‘अमक्याची मुलगी वाहक आहे’ असे बाहेर पडले तर तिचेच नव्हे, तिच्या बहिणींचेही लग्न अडायचे. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील रब्बी योसेफ एकस्टाईन यांनी स्वतःची चार मुले टे-सॅक्सने गमावली होती. त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘दोर येशोरीम’ ही संस्था उभी केली. हिब्रूत त्याचा अर्थ ‘सरळमार्गी पिढी’ असा काहीसा होतो. पद्धत साधी आहे. लग्नाच्या वयाच्या आधी, बहुधा शाळा-पाठशाळेतच, मुलामुलींचे रक्त घेतले जाते. नमुन्यावर नाव नसते, फक्त क्रमांक असतो. निकाल कोणालाच सांगत नाहीत, खुद्द त्या मुलालाही नाही. पुढे स्थळ आले की दोन्ही घरचे लोक दोघांचे क्रमांक संस्थेला कळवतात. उत्तर एवढेच येते की जोडी अनुरूप आहे किंवा नाही. दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील तेव्हाच ‘नाही’ असे उत्तर येते आणि तेव्हा समुपदेशन दिले जाते. स्थळ पुढे सरकण्याआधीच हे कळत असल्याने कोणाचे मन फारसे गुंतलेले नसते आणि गावात चर्चाही होत नाही.

या पद्धतीवर टीकाही झाली. स्वतःच्या शरीराबद्दलची माहिती माणसाला का मिळू नये, हा आक्षेप रास्त आहे. वाहकाच्या भावंडांनाही ती उपयोगी पडली असती. ज्यांची लग्ने आधीच झाली आहेत किंवा जे स्वतः जोडीदार निवडतात, त्यांना ही व्यवस्था तितकी सोयीची नाही. तरीही ज्या समाजात बदनामीच्या भीतीने कोणी तपासणीला आलेच नसते, तेथे हजारो कुटुंबे आली, ती केवळ गोपनीयतेच्या खात्रीमुळे.

आजची यादी

टे-सॅक्सपासून सुरू झालेली यादी वाढत गेली. अश्केनाझी वंशाच्या व्यक्तींसाठी ज्या आजारांची तपासणी नेहमी सुचवली जाते त्यांतील काही असे. वाहकांचे आकडे अंदाजे आहेत.

• गोशे आजार, पहिला प्रकार : सुमारे १५ जणांत एक वाहक. प्लीहा व यकृत वाढते, हाडे दुखतात. तीव्रता कमीजास्त असते आणि विकराचे औषधोपचार उपलब्ध आहेत.
• सिस्टिक फायब्रोसिस : सुमारे २५ जणांत एक. फुप्फुसे व पचनसंस्थेचा आजार.
• फॅमिलियल डिसऑटोनोमिया : सुमारे ३० जणांत एक. रक्तदाब, गिळणे, वेदनेची जाणीव यांवर परिणाम.
• कॅनवन आजार : सुमारे ४० ते ५० जणांत एक. तान्ह्या बाळांचा मेंदूचा आजार.
• नीमन-पिक ‘ए’ प्रकार, फॅन्कोनी रक्तक्षय ‘सी’ प्रकार, ब्लूम सिंड्रोम, म्युकोलिपिडोसिस चौथा प्रकार : प्रत्येकी साधारण १०० जणांत एक किंवा त्याच्या आसपास.

स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगाशी संबंधित ‘बीआरसीए’ जनुकांचा विषय यापासून वेगळा आहे. अश्केनाझींमध्ये ४० जणांत एकाकडे त्यातील बदल आढळतो, पण तेथे एकच बिघडलेली प्रत त्या व्यक्तीचा स्वतःचा धोका वाढवते. म्हणून ती वाहक-तपासणीत मोडत नाही. तिचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

ज्यू म्हटले की सर्वांना हीच यादी लागू, असेही नाही. उत्तर आफ्रिका, इराक, तुर्कस्तान या भागांतील ज्यूंमध्ये फॅमिलियल मेडिटरेनियन फीवर हा ताप अधिक आढळतो. कुर्दिस्तानच्या ज्यूंमध्ये जी-सिक्स-पीडी विकराची कमतरता आणि बीटा थॅलेसेमिया अधिक. मोरोक्कोच्या ज्यूंमध्ये टे-सॅक्स आढळतो, पण जनुकातील बिघाड निराळा असतो. त्यामुळे आजी-आजोबा कोठले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मिश्र विवाह वाढल्याने हा प्रश्नही आता पुरा पडत नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय जनुकशास्त्र महाविद्यालयाने २०२१ मध्ये शिफारस केली की गरोदर किंवा मूल होऊ देण्याच्या विचारातील प्रत्येकाला, वंश कोणताही असो, ११३ जनुकांच्या तपासणीचा पर्याय द्यावा.

आपले बेने इस्रायल

या विषयात मराठी माणसाचा थेट संबंध येतो तो येथे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून पूर्वज उतरले, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडले. आडनावे गावांवरून आली : दिवेकर, पेणकर, किहीमकर, राजपूरकर. मातृभाषा मराठी. मुंबईतील डॉ. ई. मोझेस रोडवरून आपण अनेकदा गेलो असू. ते डॉक्टर या समाजाचे आणि मुंबईचे महापौर होते. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि तेथेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा आढळला. याचा व्यवहारातला अर्थ असा की बेने इस्रायल तरुणाने किंवा तरुणीने केवळ ‘ज्यू’ म्हणून अश्केनाझी यादीची तपासणी केली आणि निकाल स्वच्छ आला, तरी त्यावर निर्धास्त राहू नये. कोकणात शतकानुशतके आपापसांत लग्ने झालेल्या लहान समाजाचे जनुकीय वैशिष्ट्य स्वतःचे असते. शिवाय भारतीय म्हणून थॅलेसेमियाची तपासणी त्यांनाही हवीच. आपल्यापैकी कोणाची नाती-मैत्री या समाजात असेल तर हे जरूर सांगावे.

जेथे चुकले

सर्वच ठिकाणी असे चांगले घडले नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी सिकल सेल तपासणीची लाट आली. काही राज्यांनी ती कायद्याने सक्तीची केली. समुपदेशनाची सोय अपुरी होती, आणि वाहक व रुग्ण यांतला फरकही नीट सांगितला गेला नाही. निरोगी वाहकांना नोकरी आणि विमा मिळण्यात अडथळे आले. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावातही सिकल सेलसाठी गावभर तपासणी झाली. वाहकांवर शिक्का बसला आणि लग्नाच्या वेळी लोक आपला निकाल लपवू लागले.

काबॅक यांच्याकडेही रक्ताचाच नमुना घेतला जाई आणि या ठिकाणीही. फरक पडला तो आधी समजावून सांगण्याने, ऐच्छिकतेने आणि निकाल कोणाच्या हाती जातो यामुळे.

आपल्याकडील स्थिती

‘हे ज्यूंचे झाले, आपल्याला काय?’ असे कोणी विचारेल. याचे उत्तर आपल्याच हैदराबादेत मिळाले आहे. उप्पल रस्त्यावरच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८१ गट असे आढळले की त्यांचा संस्थापक परिणाम अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आहे. त्यांतील १४ गटांची लोकसंख्या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक आहे. जात मोठी आहे म्हणून धोका नाही, ही समजूत यामुळे निकालात निघते. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात भुलीच्या एका औषधाचा असर नेहमीपेक्षा फार काळ टिकतो, कारण ते औषध विरघळवणारे विकर काहींच्या शरीरात नसते. या भागातील भूलतज्ज्ञांना हे ठाऊक असते. असे किती बदल किती समाजांत दडले आहेत, याचा शोध अजून चालू आहे.

तोपर्यंत दोन आजारांबाबत तरी थांबण्याचे कारण नाही.

बीटा थॅलेसेमिया : भारतात सरासरी शंभरात तीन ते चार जण याचे वाहक आहेत, म्हणजे सुमारे चार कोटी माणसे. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण बरेच अधिक आहे, पण पूर्ण मुक्त असा समाज नाही. वाहकाला ‘थॅलेसेमिया मायनर’ म्हणतात. त्याचे हिमोग्लोबिन किंचित कमी असते, बाकी काही नाही. दोघेही मायनर असतील तर मूल ‘मेजर’ होऊ शकते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी आयुष्यभर रक्त द्यावे लागते आणि साठणारे लोह काढण्यासाठी औषधे घ्यावी लागतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा कायमचा इलाज आहे, पण तो सर्वांना साधत नाही. देशात दरवर्षी अशी दहा हजारांहून अधिक मुले जन्मतात असा अंदाज आहे.

सिकल सेल : विदर्भ, खानदेश, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा या पट्ट्यांत, आदिवासी व इतर अनेक समाजांत आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारच्या सिकल सेल निर्मूलन अभियानाची सुरुवात झाली. सात कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्डे देण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. या कार्डांचा उपयोग लग्न ठरवताना दोघांचे निकाल ताडून पाहण्यासाठीही व्हावा, ही कल्पना त्यामागे आहे.

गोत्र, नाड, रक्तगट आणि मामेबहीण

आपल्या अर्जातील रकान्यांबद्दलही स्पष्ट लिहितो.

सगोत्र विवाह टाळल्याने हा धोका टळत नाही. गोत्र फक्त वडिलांच्या बाजूने चालते. जनुके मात्र आईकडूनही तितकीच येतात. एकनाड आणि रक्तगट यांचा संबंध जोडला जातो, त्याला आधार नाही. पती-पत्नीचा रक्तगट एकच असणे हा दोष नाही. आई आरएच निगेटिव्ह व वडील पॉझिटिव्ह असतील तर डॉक्टरांना सांगावे, त्यावर इंजेक्शन आहे. पण तो विषय थॅलेसेमियाचा नव्हे.

मामेबहीण-आतेभाऊ यांचे लग्न आपल्यातील अनेक घरांत चालते आणि या भागात तर मामा-भाचीचेही होते. येथे हिशेब पाहा. समजा एखाद्या दुर्मीळ आजाराचा इतरांत २५० जणांत एक वाहक आहे. वाहक तरुणाने नात्याबाहेर लग्न केले तर पत्नीही वाहक असण्याची शक्यता २५० त एक, आणि मूल आजारी होण्याची १,००० त एक. तेच लग्न सख्ख्या मामेबहिणीशी झाले तर तीही वाहक असण्याची शक्यता किमान आठात एक, आणि मूल आजारी होण्याची ३२ त एक. मामा-भाचीत ती याच्याही दुप्पट. बहुतेक नातेसंबंधांतील मुले निरोगीच जन्मतात, म्हणून ज्यांची अशी लग्ने झाली आहेत त्यांनी घाबरू नये. पण मूल होऊ देण्याआधी जनुकीय समुपदेशकाला एकदा भेटावे.

तपासणी कोणती, केव्हा, कोठे?

पहिली पायरी म्हणजे साधी रक्तगणना आणि ‘एचपीएलसी’ पद्धतीने हिमोग्लोबिनची तपासणी. तिच्यात थॅलेसेमिया मायनर आणि सिकल सेल वाहक दोन्ही कळतात. बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत ती होते आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. अंगात लोहाची मोठी कमतरता असेल तर निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून अहवाल डॉक्टरांना दाखवावा.

दुसरी पायरी म्हणजे अनेक जनुकांची विस्तारित तपासणी. ती महाग असते आणि सर्वांनाच लागते असे नाही. घरात एखादे मूल लहानपणी अज्ञात आजाराने गेले असेल, नात्यात लग्न असेल, किंवा ज्यू, सिंधी अशा विशिष्ट वंशाचा वारसा असेल तर समुपदेशकाच्या सल्ल्याने करावी. शक्य असेल तर आजारी व्यक्तीचे जुने अहवाल सोबत न्यावेत. नेमका बिघाड माहीत असला की शोध सोपा होतो.

हैदराबादेत निम्स रुग्णालयात वैद्यकीय जनुकशास्त्राचा विभाग आहे आणि उप्पल येथील सीडीएफडी या केंद्र सरकारच्या संस्थेत जनुकीय निदान होते. थॅलेसेमिया अँड सिकल सेल सोसायटीही शहरात काम करते.

योग्य वेळ लग्न ठरण्याआधीची, नाहीतर गरोदरपणाआधीची. तेही राहिले तर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत. तेव्हा आधी पत्नीची तपासणी करतात आणि ती वाहक निघाली तर लगेच पतीची. स्वच्छ अहवालाचा अर्थ धोका शून्य असा नसतो. तो पुष्कळ कमी झाला, एवढाच.

दोघेही वाहक निघाले तर?

लग्न करूच नये असा याचा अर्थ नाही. पर्याय अनेक आहेत. गरोदरपणाच्या ११ ते १३ व्या आठवड्यात वारेचा नमुना किंवा १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासून बाळाची स्थिती कळते. आनुवंशिक आजारासाठी अशी तपासणी १९९४ च्या कायद्याखाली नोंदणीकृत केंद्रांत करता येते. गर्भाचे लिंग सांगणे मात्र गुन्हा आहे. गर्भ आजारी असल्यास पुढे काय करायचे हा निर्णय त्या दोघांचा असतो. कायद्याची मुदत लक्षात घेता तपासणीला उशीर करू नये. कृत्रिम गर्भधारणेत गर्भ रोपणाआधी तपासण्याची सोयही आहे, पण ती खर्चिक आहे. कोणी दत्तक घेतात, तर कोणी सर्व जाणून धोका पत्करतात. यांपैकी कशालाही बाहेरच्याने नावे ठेवू नयेत.

मग रकान्याचे काय?

सर्व वाचून माझे मत बनले ते असे. मंडळाने तपासणीचा जोरदार प्रचार करावा. दरवर्षी शिबिर घ्यावे आणि त्याआधी डॉक्टरांचे व्याख्यान ठेवावे. पण निकालाचा रकाना अर्जात नसावा आणि यादीत तर मुळीच छापू नये. ‘वाहक’ हा शब्द छापील यादीत गेला की तो मुलगा किंवा मुलगी विनाकारण बाजूला पडेल. वास्तविक शंभरातील सत्त्याण्णव स्थळांशी त्याचे लग्न झाले तर थॅलेसेमियाचा काही प्रश्नच येत नाही. शिवाय आपल्याकडे निकाल मुलाचा विचारला जाणार नाही, मुलीचाच विचारला जाईल, हे आपण सर्व जाणतो.

त्याऐवजी अर्जाच्या शेवटी एक वाक्य असावे : ‘पसंती झाल्यावर, साखरपुड्याआधी, दोन्ही बाजूंनी आपापला एचपीएलसी अहवाल एकमेकांना दाखवावा, अशी मंडळाची विनंती आहे.’ अहवाल त्या दोन घरांतच राहील. मंडळाकडे प्रत राहणार नाही. बँकेत एका ग्राहकाची शिल्लक दुसऱ्याला सांगायची नसते, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम मी येथेही लावतो.

पुढच्या बैठकीत हा प्रस्ताव मी मांडणार आहे. सभासदांनी त्याआधी आपले मत जरूर कळवावे. आणि घरात लग्नाचे मुलगा-मुलगी असतील तर बैठकीच्या निर्णयाची वाट न पाहता ही एक रक्ततपासणी करून घ्यावी.